गाळणीतील अदृश्य कामगार

काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. नवी पेटी आणावी, स्वच्छ पाणी भरावे, दहा-बारा मासे सोडावेत आणि आठ-दहा दिवसांत एकामागून एक ते पाण्यावर उलटे तरंगू लागावेत, असा अनुभवही काहींनी घेतला असेल. पाणी तर आरशासारखे नितळ होते, खाद्यही वेळेवर घातले होते. मग मासे का मेले? याच्या उलट एखाद्याच्या घरी जुनी पेटी असते, तिच्यातील स्पंज काळपट तपकिरी झालेला असतो आणि मासे मात्र वर्षानुवर्षे मजेत असतात. असे का व्हावे?

या कोड्याचे उत्तर त्या काळपट स्पंजात आहे. ते शोधण्यासाठी आपण एक उदाहरण घेऊ.

समजा, अकोल्याच्या जठारपेठेत एका घरी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशी काचेची पेटी आहे. तिन्हींचा गुणाकार करून एक हजाराने भागा. उत्तर येते ५४ लिटर. तळाची वाळू, गोटे आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर पाणी सुमारे ४५ लिटर मावते. वऱ्हाडचा उन्हाळा कसा असतो, हे तुम्हांला सांगायला नको. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो. अशाच एका आठवड्यात या पेटीतले मासे गेले. पेटी मात्र कोणी मोडली नाही. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी, जिला आपण सगळे फिल्टर म्हणतो, ती बुडबुडे सोडत चालूच राहिली. आता जूनची अखेर आली आहे, पाऊस पडून हवा निवली आहे आणि घरातील मुलांना पुन्हा मासे हवे आहेत. जुना फिल्टर तर तयारच आहे. तेव्हा एकदम किती मासे सोडावेत? बारा, सहा की तीन?

प्रश्न साधा दिसतो. पण उत्तर चुकले, तर त्याची किंमत माशांना प्राण देऊन मोजावी लागते. म्हणून आधी थोडा हिशेब करू.

एक ग्रॅम खाद्याचा हिशेब

माशाने खाल्लेल्या अन्नातील प्रथिनांचा काही भाग त्याच्या वाढीला लागतो. उरलेल्या प्रथिनांतील नत्र शरीराबाहेर टाकावा लागतो. आपण तो मूत्रातून युरियाच्या रूपाने टाकतो. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनियाच्या रूपाने, थेट पाण्यात सोडतो. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया पुष्कळ पाण्यात विरून जातो. पेटीत तो जाणार कोठे?

माशांच्या खाद्यात शेकडा ४० भाग प्रथिने आहेत असे धरा. मग १ ग्रॅम खाद्यात ४०० मिलिग्रॅम प्रथिने झाली. प्रथिनांत शेकडा १६ भाग नत्र असतो, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. त्यापैकी निम्म्याहून थोडा अधिक, अंदाजे ३७ मिलिग्रॅम, अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. आता ३७ ला ४५ लिटरांनी भागा. दर लिटर पाण्यात सुमारे ०.८ मिलिग्रॅम नत्र अमोनियाच्या रूपात आला.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, ते त्या मानाने निरुपद्रवी. दुसरा मुक्त अमोनिया, तो कल्ल्यांना भाजून काढणारे विष. यातला मुक्त भाग किती, हे पाण्याच्या सामूवर आणि उष्णतामानावर ठरते. सामू ७ असेल तर २५ अंश सेल्सिअसला शेकडा एकाहूनही कमी भाग मुक्त असतो. सामू ८ झाला आणि पाणी ३० अंशांवर गेले, की तोच भाग शेकडा साडेसातपर्यंत पोचतो. ०.८ चे शेकडा साडेसात म्हणजे ०.०६ मिलिग्रॅम. मत्स्यपालनात दर लिटरला ०.०२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त मुक्त अमोनिया नको असे साधारणपणे मानतात. आपला आकडा त्याच्या तिप्पट झाला!

एक ग्रॅम खाद्य म्हणजे दोन-तीन चिमटी. एवढे खाद्य दहा-बारा लहान माशांना आठवडाभर पुरते. म्हणजे अमोनिया संपवणारे पाण्यात कोणीच नसेल, तर नव्या पेटीतील मासे आठवड्याभरात आपल्याच विषात पोहू लागतात. त्यात घरातील प्रत्येकाने ‘भूक लागली असेल बिचाऱ्यांना’ म्हणून एकेक चिमूट टाकली, तर आठवडाही लागत नाही. पाणी मात्र नितळच दिसते, कारण विरघळलेला अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

वाळूने भरलेली नळी

मग जुन्या पेटीतील मासे जगतात कसे? याचे उत्तर मासे पाळणाऱ्यांनी नव्हे, तर सांडपाण्याचा अभ्यास करणाऱ्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी शोधून काढले. त्यांची नावे श्लेझिंग आणि म्युंट्झ. १८७७ साली त्यांनी एक मीटर लांबीची काचेची नळी घेतली. तिच्यात लाल होईपर्यंत तापवून घेतलेली वाळू आणि थोडी चुनखडीची पूड भरली. वरून ते रोज थोडे थोडे सांडपाणी सोडू लागले. ते झिरपत खाली यायला आठ दिवस लागत.

पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. वरून जितका अमोनिया घातला, तितकाच खालून बाहेर आला. त्यानंतर मात्र खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. ते वाढत गेले आणि शेवटी अमोनिया नाहीसाच झाला. हा बदल केवळ रासायनिक असता, तर तो पहिल्या दिवसापासून व्हायला हवा होता. वीस दिवस वाट पाहण्याचे वाळूला काय कारण?

दोघांनी मग नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्लोरोफॉर्मने सजीवांचे व्यवहार थांबतात. नायट्रेट तयार होणे बंद पडले! क्लोरोफॉर्म काढून घेतल्यावरही ते आपोआप सुरू झाले नाही. शेवटी त्यांनी सुपीक मातीत खळबळून घेतलेले थोडे पाणी नळीत ओतले. काही दिवसांत नायट्रेट पुन्हा तयार होऊ लागले. अमोनियाचे नायट्रेट करणारे कोणीतरी जिवंत होते, आणि ते त्या वाळूच्या कणांवर वस्ती करून होते.

पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिक येथे हे सूक्ष्मजंतू वेगळे करून दाखविले. काम दोन टप्प्यांत चालते, हेही त्याच्या संशोधनातून स्पष्ट झाले. पहिली टोळी अमोनियापासून नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटपासून नायट्रेट. नायट्राइटही विषारीच आहे. ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करते, मग पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य. ते थोडे साठले तरी चालते आणि पाणी बदलताना निघून जाते.

हे संशोधन अजून चालू आहे. घरगुती पेट्यांत दुसऱ्या टप्प्याचे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा नावाचे सूक्ष्मजंतू करतात, असे १९९८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले. २०१५ साली तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले. सापडले कोठे म्हणाल, तर त्यातील एका संशोधक गटाला ते मत्स्यपालन केंद्राच्या फिल्टरमध्येच मिळाले!

वऱ्हाडातील मुलांना या कामगारांची ओळख दुसऱ्या वाटेनेही पटेल. कपाशीच्या शेतात युरिया किंवा शेणखत घातले, की काळ्या मातीत हेच घडते. युरियाचा अमोनिया होतो, अमोनियाचे नायट्रेट होते, आणि ते मुळे शोषून घेतात. शेतात ज्यांच्या जिवावर पीक वाढते, त्यांच्याच जातभाईंच्या जिवावर पेटीतले मासे जगतात.

जुना फिल्टर म्हणजे काय?

आता तुमच्या लक्षात आले असेल, की फिल्टर ही नुसती चाळणी नाही. तो या सूक्ष्मजंतूंचा वाडा आहे. ते पाण्यात तरंगत राहत नाहीत, स्पंजाच्या छिद्रांना, वाळूला आणि गोट्यांना चिकटून राहतात. म्हणून जुन्या पेटीचे नुसते पाणी नव्या पेटीत ओतून फारसा उपयोग होत नाही. जुन्या स्पंजाचा तुकडा टाकला तर होतो. दुधात विरजण घालावे तसेच हे. फरक एवढाच, की दही एका रात्रीत लागते, आणि हे सूक्ष्मजंतू फार संथ. आपल्या आतड्यातले काही जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. या मंडळींना दुप्पट व्हायला पुष्कळदा दिवसभर, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. नव्या पेटीत त्यांची वस्ती पुरेशी वाढायला चार ते सहा आठवडे जातात, ते यामुळेच.

यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. वस्ती किती मोठी असेल, हे तिला रोज मिळणाऱ्या अमोनियावर ठरते. बारा मासे असतील तर बारा माशांपुरती, तीन असतील तर तीन माशांपुरती. मासे नसतील तर? मग कामगार उपाशी. ते लगेच मरत नाहीत. त्यांचे काम मंदावते आणि संख्या हळूहळू घटते.

जठारपेठेतील पेटी महिना-दीड महिना माशांविना आहे. फिल्टर चालू असल्यामुळे सूक्ष्मजंतूंना प्राणवायू मिळत राहिला, ही मोठी जमेची बाजू. एक ग्रॅम नत्राचे अमोनियापासून नायट्रेट करायला त्यांना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. वीज जाऊन फिल्टर अनेक तास बंद पडला, तर बंद डब्याच्या फिल्टरमधील वस्ती गुदमरू लागते. अन्नाची बाजू मात्र लंगडी आहे. कुजलेले शेवाळ आणि एखाद-दुसरी गोगलगाय यांच्यापासून मिळेल तेवढ्यावर त्यांनी दिवस काढले. म्हणजे फिल्टर जिवंत आहे, पण तो बारा माशांचा राहिलेला नाही.

आधी विचारा: मासे कशाने गेले?

पेटी पुन्हा भरण्यापूर्वी हा प्रश्न सोडवलाच पाहिजे. उन्हाने गेले असतील, तर गोष्ट सोपी. २५ अंशांच्या पाण्यात दर लिटरला ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. आणि पाणी तापले, की माशाची प्राणवायूची गरज उलट वाढते. दोन्हीकडून कात्री लागते. अशा वेळी पेटी उन्हापासून दूर हलविणे, झाकणाला फटी ठेवणे आणि पंप चालू ठेवणे हाच उपाय.

पण माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले असतील, तर तो परजीवी प्राण्याने होणारा रोग. हा प्राणी माशावर वाढतो, मग सुटून तळाशी पडतो आणि तेथे त्याची शेकडो पिल्ले होतात. त्या पिल्लांना थोड्याच दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात. म्हणून पेटी दोन-तीन आठवडे माशांविना ठेवणे हे चांगले औषध आहे. येथे मात्र पेच पडतो. मासे नसले की परजीवी उपाशी मरतो, पण आपले कामगारही उपाशी राहतात. मग कोणाला जगवायचे?

पेच सुटतो तो दोघांच्या आहारातील फरकामुळे. परजीवीला जिवंत मासा हवा, सूक्ष्मजंतूंना फक्त अमोनिया हवा. रिकाम्या पेटीत दोन-तीन दिवसांआड चिमूटभर खाद्य टाकत राहा. ते कुजून अमोनिया होईल. कामगार जेवतील, शत्रू उपाशी मरेल. मासे आठवडेच्या आठवडे खंगून, पाठीला बाक येऊन, अंगावर जखमा होऊन मेले असतील, तर मात्र फिल्टरचा मोह सोडावा. क्षयाच्या जातीचे काही जंतू माशांविनाही टिकतात आणि हाताच्या जखमेतून माणसालाही त्रास देतात. अशा वेळी स्पंज फेकून, पेटी धुऊन सुकवून, सारे नव्याने सुरू करावे आणि हे काम मोठ्या माणसांनी करावे.

पाण्याची पारख

अकोला शहराला महान येथील काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते. शुद्धीकरणानंतर नळाच्या पाण्यात क्लोरीन ठेवलेला असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे तो दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. रोगजंतू मारणारा क्लोरीन आपल्या कामगारांना ओळखत नाही. स्पंज ताज्या नळाखाली खसाखसा धुतला, की अनेक महिन्यांची वस्ती पाच मिनिटांत उद्ध्वस्त होऊ शकते. म्हणून स्पंज धुवायचा तो पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोन-तीनदा हलके दाबून. तो पांढराशुभ्र करण्याचा हट्ट धरू नका.

वऱ्हाडातील पुष्कळ घरांत नळ रोज येत नाही, म्हणून पाणी साठवून ठेवण्याची सवय असतेच. येथे ती सवय कामी येते. उघड्या बादलीत, वर फक्त पातळ फडके बांधून, दोन दिवस ठेवलेल्या पाण्यातील क्लोरीन बहुतेक उडून जातो. फडके कशाला, तर डासांनी त्यात अंडी घालू नयेत म्हणून. घाई असेल तर दुकानात सोडियम थायोसल्फेटचे द्रावण मिळते. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ते टाकले, की क्लोरीन लगेच निष्प्रभ होतो.

बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण तेथे दुसरी अडचण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाण पट्टा पसरलेला आहे. तेथील भूजलात क्षार फार. दुकानातील मासा गोड्या पाण्यात वाढलेला असेल आणि त्याला एकदम क्षारयुक्त पाण्यात टाकले, तर त्याच्या शरीरातील पाणी व क्षार यांचा तोल बिघडतो. म्हणून पाणी जेथले असेल, त्याची सवय माशाला हळूहळू लावावी लागते.

आता मासे आणू या

पहिले काम फिल्टरची परीक्षा. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे थेंबांचे संच शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात. एकट्याने परवडत नसेल, तर चार मित्रांनी मिळून किंवा शाळेच्या विज्ञान मंडळाने घ्यावा. रिकाम्या पेटीत चिमूटभर खाद्य टाका आणि पुढचे पाच दिवस रोज एकाच वेळी दोन्ही मोजा. आकडे शून्यावर राहिले आणि नायट्रेट वाढले, तर कामगार कामावर हजर आहेत. अमोनिया किंवा नायट्राइट चढले, तर ते दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबा. मध्येच मासे आणू नका.

दुसरे काम माशांची निवड. आपल्याकडे डासांच्या अळ्या खाण्यासाठी टाक्यांत सोडतात, ते गप्पी मासे या पेटीला उत्तम. ते लहान असतात, काटक असतात आणि जड पाणी सोसतात. सुरुवात तीन माशांनी करा. शक्यतो नुसते नर घ्या, कारण गप्पीची मादी दर महिन्या-दीड महिन्याने पिल्ले देते आणि मग आपला सगळा हिशेब कोलमडतो. गोल्डफिश मात्र नको. तो खूप मोठा होतो, घाणही पुष्कळ करतो. त्याला ४५ लिटर पाणी म्हणजे कोंडवाडा.

तिसरे काम मासे सोडण्याचे. पिशवी न उघडता पंधरा मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे उष्णतामान सारखे होईल. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी पेटीतील वाटीभर पाणी तिच्यात घाला. असे अर्धा तास केल्यावर मासे जाळीने उचलून पेटीत सोडा. पिशवीतील पाणी मात्र पेटीत ओतू नका. पहिल्या दिवशी खाद्य देऊ नका. नंतर दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या.

चौथे काम धीर धरण्याचे, आणि तेच सर्वांत अवघड. दोन आठवडे एक दिवसाआड पाणी तपासा. सारे ठीक असेल तर आणखी तीन मासे आणा, पुन्हा दोन आठवडे थांबा. असे करत दहा-बारांपर्यंत जा आणि तेथे थांबा. दर वेळी नव्या तीन माशांचा अमोनिया मिळतो, तेवढी वस्ती वाढते, मग पुढची पाहुणेमंडळी येतात. एखाद्या दिवशी अमोनिया दिसलाच, तर खाद्य बंद करा आणि मुरविलेल्या पाण्याने एक तृतीयांश पाणी बदला. मासे जास्त झाले म्हणून ते मोर्णा नदीत किंवा एखाद्या नाल्यात सोडू नका. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. आपल्या ओढ्यांतील लहान माशांच्या तोंडचे अन्न ते पळवतात. जास्तीचे मासे मित्राला द्या किंवा दुकानात परत करा.

तेव्हा बारा, सहा की तीन, या प्रश्नाचे उत्तर पेटीच्या मापात किंवा फिल्टरच्या वयात सापडत नाही. स्पंजात आज किती कामगार जेवून-खाऊन कामावर आहेत, यावर ते ठरते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोजता येतात. एक वही घ्या. तारीख, पाण्याचे उष्णतामान, अमोनिया, नायट्राइट, माशांची संख्या आणि घातलेल्या चिमटी असे सहा रकाने आखा. अमोनिया आणि नायट्राइट यांचा आलेख काढा. आधी अमोनियाची टेकडी, तिच्या मागून नायट्राइटची टेकडी आणि मग दोन्ही सपाट, असे चित्र नव्या पेटीत उमटते. जुन्या, जपलेल्या फिल्टरच्या पेटीत या टेकड्या जवळजवळ दिसतच नाहीत. तुमच्या वहीत काय उमटते, ते स्वतःच पाहा.